गुलमर्गला जाण्याआधी: हिमस्खलनाचा एअरबॅग पॅक कसा निवडावा

गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा तुम्हाला अफरवट शिखराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. स्टेशनच्या समोरचा मोठा उतार गस्ती पथकाच्या देखरेखीखाली असतो. डावी-उजवीकडे वळून दोरी ओलांडली, की देखरेख संपली. पहिले दोन-तीन हंगाम खालच्या, यंत्राने बर्फ ठोकून सपाट केलेल्या उतारांवर काढलेला माणूस एक दिवस त्या दोरीपलीकडच्या कोऱ्या बर्फाकडे बघायला लागतो. मग दोन प्रश्न येतात: एअरबॅग पॅक, म्हणजे हँडल ओढलं की जिच्यातून हवेची मोठी पिशवी फुगून बाहेर येते अशी पाठीवरची सॅक, घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठला?

कॅटलॉग लिटर, वजन आणि रंगापासून सुरू होतात. माझा सल्ला उलट आहे. जो पॅक तुम्ही घरच्या घरी पुन्हा पुन्हा फुगवून बघू शकाल आणि जो विमानात विनाकटकट नेता येईल, तो घ्या. बाकीचं नंतर बघा. असं का, ते पुढच्या आकड्यांवरून कळेल.

हा पॅक करतो काय

बऱ्याच जणांना वाटतं, फुगा हलका असतो म्हणून माणूस बर्फावर तरंगतो. तसं नाही. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात, बारीक चुरा तळाला जातो. वाहत्या बर्फातही मोठ्या आकाराची वस्तू वर सरकत जाते. पाठीवर दीडशे लिटरच्या आसपासची पिशवी फुगली की तुमचा आकार वाढतो आणि वर राहण्याची शक्यताही वाढते. या कल्पनेचं मूळ एका जर्मन वनाधिकाऱ्याच्या अनुभवात असल्याचं सांगतात: खांद्यावर शिकार असताना तो स्खलनात सापडला आणि वरच राहिला. त्यावरून पीटर आशाउअर यांनी १९८५ मध्ये एबीएस नावाचा पहिला विक्रीयोग्य पॅक बाजारात आणला.

आता मर्यादा. वर सरकण्याची ही क्रिया बर्फ वाहत असेपर्यंतच चालते. तुम्ही घळीच्या तळाशी उभे असाल आणि वरून बर्फ येऊन तुमच्यावर साचला, तर तुम्हाला वर सरकायला वावच मिळत नाही. पहिल्या स्खलनानंतर वरून दुसरं आलं, तरी तेच. शिवाय कॅनडातल्या एका अभ्यासात हिमस्खलनात गेलेल्यांपैकी जवळजवळ चौथाई माणसं गुदमरून नव्हे, तर झाडांवर-खडकांवर आपटून गेल्याचं दिसलं. तिथे फुग्याचा उपयोग फारसा नाही.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, गंभीरपणे सापडलेल्यांमधला मृत्यूचा धोका न फुगलेल्या पॅकसह २२ टक्के आणि फुगलेल्या पॅकसह ११ टक्के निघाला. धोका निम्मा होणं ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा खरेदीच्या दृष्टीने मला जास्त महत्त्वाचा वाटतो: पाचातला एक पॅक फुगलाच नव्हता. आणि न फुगलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के वेळा दोष यंत्राचा नव्हता, हँडल ओढलंच गेलं नव्हतं.

पहिली पायरी: आधी बाकीचं सामान

एअरबॅग हे चौथं उपकरण आहे. त्याच्या आधी तीन: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा बीकन (गाडलेल्या माणसाची जागा शोधायला मदत करणारं, अंगावर बांधायचं रेडिओयंत्र), धातूच्या पात्याचं फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब, घडीची काठी). ही तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत आणि वापरता यायला हवीत. स्वित्झर्लंडमधल्या आकडेवारीवरचा २०२४ चा अभ्यास सांगतो, की गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर असते; पुढच्या वीस मिनिटांत ती झपाट्याने कोसळते. दहा मिनिटांत खालून मदत येत नाही. जे काही होईल ते बरोबरच्या माणसांच्या हातून.

त्यामुळे पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर एअरबॅग बाजूला ठेवा. बीकन-फावडं-प्रोब घ्या आणि दोन-तीन दिवसांचा हिमस्खलन सुरक्षेचा कोर्स करा.

अफरवटच्या उतारांचा इतिहास विसरू नका. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या उच्च-उंची युद्धशाळेचे १७ जवान स्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला हापतखुदच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा खिलनमर्ग परिसरात एक रशियन स्कीअर. अनुभवी, चांगल्या सामानाची माणसंही इथे सापडतात.

दुसरी पायरी: तुम्ही नेमके कुठे फिरणार

बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. उतार मोकळा आणि खाली पसरट असेल, तर एअरबॅगचा पुरेपूर फायदा मिळतो. अफरवटचे वरचे उघडे उतार त्यात बसतात. पण त्याच उतारांखाली घळी आहेत, आणि आणखी खाली, बाबा रेशी किंवा द्रंगकडे उतरताना, दाट देवदार-फरची झाडी लागते. घळीत बर्फ खोल साचतो, झाडीत आपटण्याची भीती. तुमचा बहुतेक वेळ झाडीतच जाणार असेल, तर एअरबॅगच्या पैशांतून आधी चांगलं हेल्मेट आणि चांगला गाइड घ्या.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा, तोही खरेदीच्या आधी: हा पॅक पाठीवर नसता तर मी या उतारावर गेलो असतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पॅक असतानाही जाऊ नका. पाठीवर फुगा आहे म्हणून चार अंश जास्त उभ्या उतारावर जाणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्याबरोबर जायचं मी टाळतो.

तिसरी पायरी: गॅस की पंखा

खरा निर्णय इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

गॅसवाल्या पॅकमध्ये दाबाखालच्या हवेचा किंवा नायट्रोजनसारख्या वायूचा सिलिंडर असतो. हँडल ओढलं की झडप उघडते, तीन-चार सेकंदांत पिशवी फुगते. मॅमट आणि बीसीए ही यातली परिचित नावं. रचना साधी, आत इलेक्ट्रॉनिक्स नाही, किंमत तुलनेने कमी. बीसीएचा सिलिंडर पुन्हा भरता येतो, त्याला सुमारे २,७०० पीएसआय (दाबाचं एकक) इतका दाब लागतो. काही कंपन्यांचे सिलिंडर रिकामे देऊन भरलेले घ्यावे लागतात.

अडचण भारतात येते. युरोपातल्या डोंगरगावात हे सिलिंडर दुकानात बदलून मिळतात. आपल्याकडे तशी सोय गृहीत धरू नका. तारकर्ली-मालवण किंवा गोव्यातल्या स्कूबा डायव्हिंगवाल्यांकडे एवढा दाब देणारे कॉम्प्रेसर असतात हे खरं. पण कंपनीचं योग्य ॲडॉप्टर हवं, हवा पूर्ण कोरडी हवी, आणि अनोळखी सिलिंडर भरायला समोरचा माणूस तयार हवा. आधी त्याच्याशी बोलून मगच गॅसचा पॅक घ्या. परिणाम असा होतो, की प्रत्येक ‘चाचणी’ खर्चाची आणि खटपटीची ठरते, म्हणून लोक चाचणी करतच नाहीत. हँडल किती जोरात ओढावं लागतं हे ज्याने कधी अनुभवलं नाही, तो वरच्या ६० टक्क्यांत जाण्याचा धोका जास्त.

थंडीचाही हिशेब आहे. २० अंश सेल्सिअसला २०७ बार (हेही दाबाचं एकक) दाखवणारा सिलिंडर उणे २० ला साधारण १८० बारवर येतो. कंपन्यांनी हे गृहीत धरलेलं असतं, पण हॉटेलच्या गरम खोलीत गेजचा काटा हिरव्या पट्ट्याच्या कडेला असेल, तर बाहेर तो त्याखाली जाईल. गेज नसलेल्या सिलिंडरवर ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो ठेवून बघा. लेबलवर दिलेल्या फरकापेक्षा वजन कमी भरलं, तर गॅस गळालाय.

पंख्यावाल्या पॅकमध्ये सिलिंडर नसतो. एक छोटा जोरदार पंखा बाहेरची हवा ओढून पिशवी भरतो. ब्लॅक डायमंडने २०१४ च्या सुमाराला लिथियम बॅटरीवर चालणारा पॅक आणला. नंतर आल्प्राइड या कंपनीने बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवून झटक्यात सोडणारा विद्युत भाग) वापरला आणि तीच यंत्रणा आज स्कॉटसह अनेक कंपन्यांच्या पॅकमध्ये मिळते. सुपरकपॅसिटर यूएसबीवर साधारण अर्ध्या-पाऊण तासात भरतो, थंडीत लिथियम बॅटरीइतका मलूल होत नाही, आणि जोडीला बसवलेले दोन एए सेल त्याचा चार्ज टिकवून धरतात. फुगल्यानंतर पंखा थोड्या थोड्या वेळाने पुन्हा हवा भरतो, म्हणजे कापडाला छोटी चीर गेली तरी लगेच सगळं संपत नाही. सरावानंतर पिशवी घडी करून आत भरा, चार्जिंगला लावा, खर्च शून्य.

तोटे? किंमत जास्त. वजनातला फरक पूर्वी मोठा होता, आता बराच कमी झालाय. आणि वीज असल्यामुळे बीकनमध्ये खरखर येऊ शकते: शोध घेताना बीकन पॅकच्या यंत्रणेपासून, फोनपासून आणि गरम हातमोज्यांच्या बॅटरीपासून निदान ५० सेंटिमीटर लांब धरा. एरवी बीकन अंगावर असताना २० सेंटिमीटर पुरे.

मुंबई-पुण्याहून वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यासाठी माझं मत सरळ आहे: सुपरकपॅसिटरचा पंखा घ्या. डेन्व्हर, झुरिच किंवा इन्सब्रुकजवळ राहणारे, गाडीने डोंगरात जाणारे मराठी लोक गॅसचा पॅक घेऊन पैसे वाचवू शकतात. त्यांच्याकडे सिलिंडर भरून मिळतो आणि विमानतळ मध्ये येत नाही.

चौथी पायरी: विमानतळ

आंतरराष्ट्रीय हवाई नियमांनुसार प्रत्येक प्रवाशाला गॅस सिलिंडरसह एक हिमस्खलन पॅक नेता येतो, पण विमान कंपनीची आगाऊ मंजुरी लागते आणि तो चुकून फुगणार नाही अशा रीतीने बांधलेला असावा लागतो. हे कागदावर. अमेरिकेत सुरक्षा तपासणीत भरलेला सिलिंडर सहसा सोडत नाहीत; रिकामा, झडप काढलेला चालतो. आपल्याकडे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने हा पॅक आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेला असण्याची शक्यता दांडगी, आणि परतीच्या वाटेवर श्रीनगरला तर इमारतीत शिरण्याआधीच, बाहेरच्या नाक्यावर सामान एक्स-रेतून जातं. तिथे सिलिंडर दिसला की प्रश्नोत्तरं होणारच. कंपनीची लेखी मंजुरी मोबाइलवर न ठेवता छापून न्या.

पंख्याचा पॅक असेल तर काम हलकं होतं. यंत्रणा बंद करा, हँडल पॅकच्या पट्ट्यातल्या त्याच्या खिशात घालून चेन लावा, एए सेल काढून वेगळे ठेवा. लिथियम बॅटरीचं मॉडेल असेल तर बॅटरी हातसामानात, आणि तिची क्षमता १०० वॉट-अवरच्या आत आहे ना, ते तिच्यावर छापलेलं बघून घ्या. दोन्ही प्रकारांत कंपनीच्या माहितीपत्रकाची छापील प्रत वर ठेवली, की अधिकाऱ्याला समजवायला सोपं जातं.

पाचवी पायरी: अंगावर घालून बघा

दुकानात जाताना बर्फातलं जॅकेट, हेल्मेट आणि तुमचे नेहमीचे जाड हातमोजे घेऊन जा. टी-शर्टवर बसलेला पॅक जॅकेटवर बसेलच असं नाही. आत आठ-नऊ किलो सामान भरायला सांगा. मग क्रमाने:

पाठीची लांबी बघा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर यायला हवा, पोटावर नाही. बऱ्याच कंपन्या दोन मापं देतात, आणि युरोपीय पुरुषांच्या हिशेबाने केलेलं मोठं माप आपल्याकडच्या सव्वापाच-साडेपाच फुटी माणसाला लांब पडतं. बायकांनी तर लहान माप मागूनच घ्यावं.

मांड्यांमधून जाणारा पट्टा शोधा. तो नसलेला किंवा कापून टाकलेला पॅक घेऊ नका. पिशवी फुगली की बर्फ तिला जोरात वर खेचतो. हा पट्टा नसेल तर पॅक डोक्यावरून निघून जातो आणि तुम्ही खाली राहता. अनेक जण अवघडल्यासारखं होतं म्हणून तो लावतच नाहीत. दुकानात लावून चाला, वाका, बसा. तिथेच त्रास झाला तर डोंगरात तुम्ही तो लावणार नाही, तेव्हा दुसरा पॅक बघा.

मग हँडल. डोळे मिटा, हातमोजा घाला आणि हँडल पकडा. पहिल्या झटक्यात हातात आलं पाहिजे. ते डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर हलवता येतं का, उंची बदलता येते का, विचारा. स्कीअरच्या हातात काठ्या असतात. काठीची मूठ हातात असताना हँडल पकडता येतं का, तेही बघा. आणि काठीच्या पट्ट्यात मनगट अडकवून धोक्याच्या उतारावर उतरू नका. दुकानदार परवानगी देत असेल तर एकदा ओढूनही बघा. जोर अपेक्षेपेक्षा जास्त लागतो.

पिशवीच्या आकारावर वाद घालणारे भेटतील: काही पिशव्या डोक्यामागे एकसंध फुगतात, काही मानेभोवती कॉलरसारख्या, एबीएसच्या जुन्या रचनेत दोन बाजूंना दोन. कॉलरसारखी पिशवी मान-डोक्याला थोडा आधार देते, पण बाजूचं बघायला अडथळा करते. मी याला फार महत्त्व देत नाही. नीट बसणारा पॅक आधी.

सहावी पायरी: लिटर आणि खिसे

गोंडोलाने वर, बोर्डवर खाली, असा दिवस असेल तर २० ते २५ लिटर पुरतात. स्कीच्या तळाला कातडी (चढताना मागे घसरू न देणारी पट्टी) लावून चढणार असाल किंवा स्प्लिटबोर्ड (चढण्यासाठी उभा दोन भागांत सुटणारा स्नोबोर्ड) असेल, तर ३० ते ३५. त्याहून मोठा पॅक फक्त मुक्कामी दौऱ्याला. लक्षात ठेवा, एअरबॅगची यंत्रणा स्वतःच जागा खाते, त्यामुळे ‘३० लिटर’ हे साध्या सॅकच्या ३० इतकं भरत नाही.

फावडं आणि प्रोबसाठी वेगळा, बाहेरून एका चेनीत उघडणारा कप्पा हवाच. स्नोबोर्डवाल्यांनी एक गोष्ट न विसरता बघावी: बोर्ड पाठीला बांधल्यावर पिशवी जिथून बाहेर पडते ती चेन मोकळी राहते का? दुकानात बोर्ड बांधून बघा. स्कीअरसाठी तिरपी बांधणी असलेले पॅक सहसा ठीक.

सातवी पायरी: पैसे, जुना पॅक, भाडं

साधा गॅसचा पॅक सिलिंडरसह सातशे-आठशे अमेरिकी डॉलरच्या आसपास सुरू होतो. पंख्याचे हजारापासून पंधराशेपर्यंत जातात. बाहेरून मागवलात तर त्यावर आयात शुल्क आणि कुरियर वेगळं. परदेशातून येणाऱ्या भावाबहिणीला आणायला सांगायचं असेल, तर पंख्याचाच सांगा. भरलेल्या सिलिंडरची जबाबदारी त्यांच्या गळ्यात घालू नका.

वापरलेला पॅक घेताना तीन गोष्टी: कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल परत मागवलेल्यांच्या यादीत आहे का, सिलिंडरच्या तपासणीची मुदत उरली आहे का, आणि विकणाऱ्याने तुमच्यासमोर तो फुगवून दाखवला का. तिसऱ्याला नकार मिळाला तर व्यवहार तिथेच थांबवा. भाड्याचा पर्याय वाईट नाही, पण गुलमर्गला उतरून शोधण्याऐवजी गाइडला आधीच फोन करून मॉडेल विचारा आणि तेच हँडल त्यांच्याकडून समजून घ्या.

आठवी पायरी: सराव आणि डोंगरातली शिस्त

पॅक घरी आला की पहिल्या संध्याकाळी पंखे आणि झुंबर सांभाळून दिवाणखान्यात फुगवा. मग हवा काढून पुन्हा घडी घाला. घडी चुकली तर पिशवी अडकते, म्हणून पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणेच घाला, वेळ वाचवायच्या नादात कोंबू नका. हातमोजे घालून पुन्हा. गुडघ्यावर बसून पुन्हा. शेवटी मित्राला मागून धक्का मारायला सांगून, तोल जात असताना ओढा. स्खलन सुटल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत हात सवयीने हँडलकडे जायला हवा. ‘खरंच ओढू का’ असा विचार करायला लागलात, की हात बर्फात अडकलेच. शंका आली की ओढायचं. फुकट फुगला तर पाच मिनिटं घडी घालण्यात जातील, एवढंच.

डोंगरात हँडल बाहेर काढायची आणि आत घालायची जागा ठरलेली असू द्या. गोंडोलात चढण्याआधी आत: सहाजणांच्या केबिनमध्ये दीडशे लिटरची पिशवी फुगली तर सहप्रवासी तुम्हाला आयुष्यभर लक्षात ठेवतील. वर उतरलात, मांडीचा पट्टा लावला, हँडल बाहेर, बीकनची परस्पर तपासणी, मग दोरीकडे. चढतानाही हँडल बाहेरच हवं. स्खलनं चढणाऱ्यांवरही येतात. आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाचा हिमस्खलन इशारा वाचा. काश्मीरसाठी ते अंदाज चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते. स्थानिक गस्ती पथकाशी बोलणं त्याहून उपयोगी, कारण रात्री वारा कुठल्या बाजूने वाहिला हे त्यांना ठाऊक असतं.

परत आल्यावर

ओला पॅक घडी घालून कपाटात टाकला, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. पिशवी पूर्ण बाहेर काढून पंख्याखाली दोन दिवस वाळवा, चेनींतली वाळू-माती ब्रशने झाडा. एए सेल काढून ठेवा. गळलेला सेल सर्किट खातो. लिथियम बॅटरी असेल तर अर्धवट चार्ज करून ठेवा, सुपरकपॅसिटरला ती काळजी नाही. पॅक सैल, सिलिका जेलच्या पुड्यांसह, माळ्यावर नको, आतल्या कोरड्या कपाटात. दिवाळीनंतर बाहेर काढून एकदा फुगवा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पिशवी लुळी पडलेली दिसली तर दुरुस्तीला पाठवायला जानेवारीपर्यंत वेळ असतो.